मासे ठणठणीत आहेत, मग कोरल का मिटतायत? समुद्राचं पाणी आणून घालू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पर्वरीला फ्लॅटमध्ये २०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवलेली टाकी, सात महिने झाले. क्लाऊनफिशची जोडी आणि एक गोबी मजेत खातायत. पण झोअँथिड (चादरीसारखे पसरणारे मऊ कोरल) उघडत नाहीत, लेदर नावाचं मऊ कोरल दोन आठवडे मलूल आहे आणि गोगलगायी काचेवरून गळून पडतायत. अमोनिया, नायट्राइट शून्य, नायट्रेट ५, खारटपणा ३५. दुकानदार म्हणतो लाइट बदला. तुम्हाला वाटतंय, समुद्र इतका जवळ आहे तर पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरचं पाणी आणून घालावं.

लाइट बदलू नका, मिरामारचं पाणीही घालू नका. आधी एवढं बघा की रोज उडून गेलेलं पाणी भरून काढायला तुम्ही कुठलं पाणी ओतता.

हे विचारतोय ते गोगलगायींमुळे. पाणी खराब झालं, ऑक्सिजन कमी पडला, तर आधी मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. मासे खुशाल आणि गोगलगाय, कोलंबी, कोरल मात्र कोमेजलेले, असं चित्र दिसलं की मला पहिला संशय येतो तो तांब्याचा. माशांना पांढरे ठिपके येतात तेव्हा औषध म्हणून लिटरला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम तांबं ठेवतात आणि मासा ते दोन-दोन आठवडे सोसतो. बिनकण्याच्या जिवांना त्याहून कितीतरी कमी तांबंही पुरतं.

माझ्या फोंड्याच्या घरी हेच झालं. स्वयंपाकघरात नवीन आरओ बसवला. आईला पाण्याची चव आवडली आणि मीही टँकसाठी तिथूनच कॅन भरायला लागलो. दहाव्या-बाराव्या दिवशी एक ट्रोकस गोगलगाय वाळूत उलटी पडलेली दिसली. उचलून तिच्या पायाला बोट लावलं. एरवी ती बोटाला अशी चिकटते की हलकेच सोडवावी लागते. त्या दिवशी पाय नुसता लोंबत होता, पकडच नव्हती. दुसऱ्या दिवशी क्लीनर श्रिंप दगडामागे मेलेली सापडली. मासे मात्र मी जवळ गेलो की काचेशी गर्दी करत होते. मी दोन आठवडे लाइट कमी-जास्त केला, पंपांची तोंडं फिरवली. मग एका रात्री कॅन भरताना मशीनच्या अंगावरची अक्षरं नीट वाचली: पाण्यात तांबं मिसळणारं कार्ट्रिज. तांब्याच्या कळशीतलं पाणी चांगलं असं आपण मानतो, म्हणून हल्ली बऱ्याच घरगुती आरओत हे असतं. कोरलला तेच विष.

तुमच्या मशीनमध्ये तांबं नसेल तरी टीडीएस कंट्रोलर नावाची छोटी चावी बहुधा असेल. ती गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी चवीसाठी परत मिसळते. पिण्यापुरतं ते ठीक. टँकमध्ये काय होतं ते हिशेबाने बघा. पंखा लावलेल्या २०० लिटरच्या टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी सहज उडतं. महिन्याला ९० लिटर, म्हणजे जवळजवळ अर्धी टाकी. पाणी उडतं, त्यात विरघळलेलं मागेच राहतं. ओतलेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले पदार्थ, ६० मिलिग्रॅम असेल तर महिन्याला पाच ग्रॅमच्या वर काहीबाही आत साठतं, आणि त्यात काय काय आहे हे तुमच्या टेस्ट किट सांगत नाहीत. म्हणून सगळे आकडे बरोबर दिसतात आणि कोरल मिटलेले राहतात.

उपाय सोपा आहे, पण वेळ लागतो. आरओनंतर डीआय रेझिनचा (उरलेले क्षार ओढून घेणारा) डबा जोडलेला, कंट्रोलर आणि मिनरल कार्ट्रिज नसलेला वेगळा संच टँकसाठी ठेवा. टीडीएस मीटरवर शून्य दिसल्याशिवाय ते पाणी वापरू नका. विहीर असेल तर तिचं पाणीही थेट नको; आपल्याकडच्या जांभ्या दगडातल्या पाण्यात लोह येतं. मग त्या शून्य पाण्यात मीठ कालवून, एक दिवस पंप लावून फिरवून, तीन-चार दिवसांच्या अंतराने ५० लिटर असं तीनदा पाणी बदला. तापमान आणि खारटपणा टाकीशी जुळवूनच. फिल्टरमध्ये ताजा कार्बन आणि तांबं ओढून घेणारं रेझिन ठेवा. दगडांनी शोषलेलं तांबं हळूहळू बाहेर येतं, त्यामुळे दीड-दोन महिने नवीन काहीही घालू नका. माझे झोअँथिड पाचव्या आठवड्यात उघडले, आधी कडेचे दोन, मग एकेक करत सगळी चादर. लेदरने वरची मेणचट साल टाकली आणि मग बोटं बाहेर काढली. ती साल निघताना बघून घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे.

आता समुद्राच्या पाण्याचं. मिरामार म्हणजे मांडवीचं मुख. पावसाळ्यात नदीतून इतकं गोडं पाणी येतं की वरचा थर नावालाच खारट राहतो. एप्रिलमध्ये खारटपणा जुळला तरी शहराचं सांडपाणी आणि बोटींचं तेल आहेच. थंडीत किनाऱ्यापासून बरंच आत जाऊन पाणी आणणारे लोक आहेत, पण तेवढ्या खटाटोपापेक्षा मीठ कालवलेलं पाणी मला खात्रीचं वाटतं. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५च्या द्रावणाने महिन्यातून एकदा जुळवून घ्या, साध्या पाण्याने नव्हे.

तुम्ही विचारलं नाही, पण गोव्यात टँक ठेवायचा तर तापमानाचं बोलावंच लागेल. २५-२६ अंश आणि दिवसभरात एका अंशाहून जास्त चढउतार नको. पाण्यावर वारा मारणारा पंखा जानेवारीत दोन-तीन अंश सहज उतरवतो, कारण हवा कोरडी असते. मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरात हवेत इतका दमटपणा असतो की पाणी उडतच नाही आणि पंखा फिरूनही तापमान २९वर अडकतं. त्या दिवसांसाठी चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घ्या किंवा त्या खोलीत एसी लावा. तेही जमत नसेल तर लाइट दुपारऐवजी संध्याकाळी चारला चालू करून रात्री बंद करा, निदान दुपारची आणि लाइटची उष्णता एका वेळी येत नाही. पाणी दिवसचे दिवस ३० अंशांच्या वर राहिलं की कोरल आपल्या आतलं शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ते शैवालच त्यांना अन्न पुरवतं.

पहिल्या पावसात लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त पाणी ढवळणारा पंप ठेवा. कोरल दोन दिवस अंधारात काढतात, पण पाणी थांबलं तर गरम पाण्यात मासे काही तासांत गुदमरतात. सेलवर चालणारा एअर पंप लांब जाऊन आणावा लागला तरी आणा.

माशांबद्दल: २०० लिटरला तुमचे तीन पुरे, फार तर आणखी एक लहान. निळा टँग दुकानात दोन इंचाचा दिसतो, पण तो फूटभर होतो. नवीन मासा आधी चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा. तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर त्याच टबात द्या, मुख्य टाकीत कधीच नाही. खायला म्हापशाच्या बाजारातली ताजी कोलंबी बारीक चिरून, गाळणीत दोनदा धुऊन, चिमूटभराच्या पुड्या करून फ्रीजरला टाका. न धुता घातली तर तिचं पाणी फॉस्फेट वाढवतं आणि महिन्याभरात काचेवर हिरवं दाटतं. चवथीला पाच दिवस गावच्या घरी जाल, तेव्हा शेजाऱ्यांना अशा रोजच्या एकेक पुड्या मोजून द्या आणि डबा लपवून जा. प्रेमाने जास्त घालणारे हात मी पाहिलेत. पूर्ण वाढलेले मासे पाच दिवस उपाशीही राहू शकतात, पण पाणी भरणारा स्वयंचलित फ्लोट हवाच.

शेवटी, दगडी कोरल घ्यायचा विचार असेल तर थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी कोरल, समुद्रपंखे आणि काळे कोरल आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटाला डुबकी मारायला गेलात आणि गढूळ पाण्यात खडकाला चिकटलेलं वाटीएवढं कोरल दिसलं, तर बघून या, हात लावू नका. नदीचा गाळ, पावसाळ्यातला अंधार सोसून ते तिथे वर्षानुवर्षं तगलंय. घरी मऊ कोरलच ठेवा. झोअँथिड, मशरूम, लेदर एवढ्यावर माझा टँक सहा वर्षं भरलेला आहे.

आज रात्री आरओच्या नळाखाली मीटर धरा आणि मशीनवर कॉपर असं लिहिलंय का ते बघा. दोन्ही इथेच खाली कळवा, पुढचं पाणी किती आणि कधी बदलायचं ते मी सांगतो.