योम किप्पूरचा उपास सोडायला शेजाऱ्यांना जेवायला बोलवायचं आहे. काय करू, काय टाळू?

तुमच्या इमारतीतलं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातलं, कुटुंब योम किप्पूरचा, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास धरतं, तो तुमच्या घरी सुटावा अशी तुमची इच्छा आहे. मी बेने इस्राएल घरातली, ठाण्यातच वाढलेली, त्यामुळे वाचून फार बरं वाटलं. जरूर बोलवा. फक्त त्या रात्री मेजवानीचा घाट घालू नका.

हा उपास एकादशीसारखा नसतो. साबुदाणा नाही, फळं नाहीत, पाण्याचा घोटही नाही. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत शेवटचा घास घ्यायचा, मग दुसऱ्या दिवशी काळोख पडेपर्यंत काही नाही, म्हणजे जवळजवळ २५ तास. पांढरे कपडे घालून सगळा दिवस सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, जातो. शेवटी नेइला ही समारोपाची प्रार्थना होते, शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, वाजतो आणि मग माणसं घरी निघतात. २०२६ मध्ये हा दिवस रविवार २० सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू होऊन सोमवारी २१ तारखेच्या रात्री संपतो. पाहुणे आठच्या सुमाराला दारात येतील असं धरा. थोडं मागेपुढे होईल, त्यांना घाई करू नका.

आल्या आल्या आधी पेय द्या. आमच्याकडे काळ्या मनुकांचं सरबत असतं, सणासुदीला द्राक्षारसाच्या जागी आम्ही तेच वापरतो. मनुका धुऊन रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी त्याच पाण्यात हाताने चांगल्या कुस्करा आणि पातळ फडक्यातून पिळून घ्या. गडद तपकिरी रंग येतो आणि साखर लागत नाही. छोट्या पेल्यात द्या, फार गार नको. कोरड्या पडलेल्या घशाला बर्फाचं पाणी सोसत नाही. बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या, ज्यू कुटुंबांत याच वेळी बदामाचं गोड दूध घेतात, तेही चालेल. विकतची वाइन मात्र आणू नका, कारण तिचे नियम वेगळे आहेत.

गोडाला आमच्या घरी रवा, खोबरं, वेलची आणि मनुका भरलेल्या पुऱ्या करतात. दिसायला तुमच्या करंजीसारख्याच, म्हणून तुम्हाला सहज जमतील. त्या दुपारीच तळून ठेवा. पाहुणे बसले की गरम गरम तळून वाढू, असा आपला सगळ्यांचाच हट्ट असतो, पण दिवसभर उपाशी माणसाला तळणाच्या वासात ताटकळत ठेवणं बरं नव्हे. सगळं तयार हवं, फक्त ऊन करून वाढायचं.

जेवण साधं करा. मऊ भात, वरण, एखादी कमी तिखट भाजी आणि हवं तर नारळाच्या दुधातलं माशाचं कालवण. मासा खवल्यांचा आणि परांचा हवा, म्हणजे पापलेट, रावस चालतील. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूल अजिबात नाही. कोकणातल्या घरांत वांग्याच्या भाजीत सोडे पडतातच, तेही त्या दिवशी राहू द्या. ज्या कढईत कोळंबी शिजते ती बाजूला ठेवून वेगळं भांडं घ्या. मटण-चिकन करूच नका. ते आमच्या पद्धतीने कापलेलं लागतं, शिवाय मांसाबरोबर दूध, दही, तूप चालत नाही. शाकाहारी ताट असलं की हा सगळा गुंता सुटतो. तरी आधी विचारा, कारण काही घरं बाहेरच्या भांड्यांतलं खातच नाहीत. तसं असेल तर त्यांच्या घरी न कापलेली फळं आणि शहाळी नेऊन द्या, तेवढ्यानेही त्यांना आनंद होईल.

वालाचं बिरडं करावं असं तुमच्या मनात येईल. चविष्ट असतं, पण ते आमच्याकडे दुसऱ्या उपासाचं, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या दिवसाचं. त्याला जुनी माणसं बिरड्याचा रोजाच म्हणतात. रिकाम्या पोटाला वाल जडही पडतात.

खरी पंगत मांडायची असेल तर दुसऱ्या दिवशी मांडा. योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवसाला आमच्यात शिळा सण म्हणतात. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यायची आणि मित्रमंडळींकडे जायची जुनी रीत आहे. तेव्हा पोटही ताळ्यावर आलेलं असतं आणि गप्पांना वेळ असतो. तुमच्या बेताला हाच दिवस मला अधिक शोभेलसा वाटतो.

उपास कोणी धरला, कोणी नाही, हे ताटावर विचारू नका. आजारी माणसाने औषध-पाणी घ्यावं असंच आमचा धर्म सांगतो, पण ज्याला उपास सोडून द्यावा लागला त्याच्या मनाला ते लागलेलं असतं. घरात मधुमेहाचं कोणी असेल तर आधी काय द्यायचं ते त्यांनाच विचारा.

आणि वेळ, माणसं, पदार्थ हे सगळं रविवारी दुपारपर्यंत बोलून घ्या. सूर्य मावळल्यावर बरीच घरं सोमवारी रात्रीपर्यंत फोन उचलत नाहीत.