इंग्रजी विंडोज एक्सपीवर थाई टायपिंग: सेटिंग, कीबोर्ड आणि अक्षरांचा क्रम

इंग्रजी विंडोज एक्सपीवर थाई कसं टाइप करायचं आणि वाचायचं, या तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. इंग्रजी एक्सपीवर थाई मजकुराच्या जागी चौकोन दिसतात, कीबोर्डवर थाई अक्षरं छापलेली नाहीत, आणि बँकॉकहून आलेली जुनी टेक्स्ट फाइल उघडली की टिंब-टोप्यांची युरोपीय अक्षरं दिसतात. तिन्हींची कारणं वेगळी, त्यामुळे इलाजही वेगळे. वेगळं थाई सॉफ्टवेअर मात्र डाउनलोड करू नका. लागणारं सगळं एक्सपीच्या सीडीत आहे.

ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून लॉगिन करा. कंट्रोल पॅनलमध्ये 'रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स' उघडून 'लँग्वेजेस' टॅबवर जा. तिथे दोन चौकटी असतात. त्यातली वरची, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' असा उल्लेख असलेली, टिक करा. साधारण 10 एमबी जागा लागते. (देवनागरीसाठीही हीच टिक लागते, म्हणजे मराठीची सोयही त्यातच होते.) मग विंडोज सीडी मागेल. सीडी नसेल तर सी ड्राइव्हवर 'आय386' नावाचं फोल्डर शोधा. कंपनीकडून तयार आलेल्या बऱ्याच मशिन्सवर ते असतं, त्याचाच पत्ता द्या. मशीनवर सर्व्हिस पॅक 3 (विंडोजच्या सुधारणांचा संच) आणि सीडी त्याआधीची असेल, तर एखादी फाइल सापडत नाही म्हणून काम अडू शकतं. अशा वेळी सर्व्हिस पॅक जुळणारी सीडीच वापरा. शेवटी रीस्टार्ट करा.

आता त्याच टॅबवर 'डीटेल्स', मग 'ॲड'. भाषा थाई, कीबोर्ड 'थाई केडमनी' (थाई अक्षरांची नेहमीची मांडणी). यादीत 'पट्टाचोट' नावाची दुसरी मांडणीही दिसेल, ती घेऊ नका. थायलंडमध्ये विकले जाणारे कीबोर्ड, स्टिकर आणि टायपिंगचे धडे केडमनीचेच असतात. भाषा बदलायला डावा ऑल्ट आणि शिफ्ट. थाई जोडल्यावर 'की सेटिंग्ज'मध्ये टॅबच्या वरच्या कीने भाषा बदलायचा पर्यायही येतो, आणि थाई लोकांच्या हाताला तीच सवय असते. एक्सपीत ही निवड प्रत्येक प्रोग्रामपुरती असते. वर्डमध्ये थाई केलं तरी नोटपॅड इंग्रजीतच राहतं. सेटिंग बिघडलं असं समजून पुन्हा सगळं करत बसू नका.

खरा वेळ जातो तो क्रमात. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठी एकच अक्षर-संकेत) मराठीत 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी. थाईत डोळ्याला दिसतं त्या क्रमाने टाइप करायचं: व्यंजनाच्या डावीकडे दिसणारा स्वर आधी, व्यंजन नंतर. जुन्या मराठी टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायचे, ज्यांचा हात तिथे बसलाय त्यांना हे सोपं जाईल. वरखालची चिन्हं मात्र व्यंजनानंतर, आणि त्यातही आधी स्वर, मग सुराचं चिन्ह (उच्चाराचा चढउतार दाखवणारं).

'सवात्दी' हा नमस्काराचा शब्द घ्या. एल, अर्धविरामाची की, वाय, एल, एफ, यू, एवढ्या सहा कीज. उच्चारात मधे 'त्' ऐकू येतो, पण एल म्हणजे 'स' दोनदा दाबायचा, कारण शब्द मुळात आपला 'स्वस्ति' आहे आणि थाई शुद्धलेखनाने तो स जपलाय. संस्कृतातून गेलेल्या शब्दांत मराठी माणसाला ही मोठी मदत होते.

'नाम', म्हणजे पाणी, हा अपवादाचा शब्द. ओ, एच, ई: आधी 'न', मग सुराचं चिन्ह 'माय थो', शेवटी 'सारा अम' ('सारा' म्हणजे स्वर). इथे सूर स्वराच्या आधी येतो. उलट दाबलंत तर चिन्ह भलत्याच जागी बसतं किंवा ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

याहून घातक चूक डोळ्याला दिसतच नाही. 'सारा ॲ' हे सी कीवरचं एकच अक्षर आहे, पण जी कीवरचा 'सारा ए' दोनदा दाबला तरी कागदावर तेच दिसतं. छापताना काही अडत नाही, पण नंतर शोध घेतला तर शब्द सापडत नाही आणि वर्णानुक्रम बिघडतो. सुरुवातीपासून सी दाबायचीच सवय लावा. खोडताना लक्षात ठेवा, बॅकस्पेस फक्त शेवटचं चिन्ह काढतं, डिलीट मात्र व्यंजन चिन्हांसकट उडवतं.

थाई चालू असताना वरच्या ओळीत 1, 2, 3 मिळत नाहीत, 4 दाबलं की अक्षर येतं. आकड्यांसाठी उजवीकडचा नंबर पॅड वापरा.

चौकोन म्हणजे फॉन्टमध्ये ते अक्षरच नाही. टहोमा हा फॉन्ट लावून बघा. वरच्या टिकने 'अंगसाना न्यू' आणि 'कॉर्डिया न्यू'ही येतात, पण त्यांची अक्षरं फार बारीक असतात. 12 पॉइंटला वाचवत नाहीत, 16 ठेवा. थाई शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, तेव्हा ओळ भरवायला स्पेस मारू नका. ओळ कुठे तोडायची ते विंडोज थाई शब्दकोशावरून ठरवतं.

राहिली जुनी फाइल. ती थाई कोडपेज 874 (अक्षरांना आकडे देणारा जुना तक्ता) मध्ये आहे आणि मशीन तिला पश्चिम युरोपीय समजतंय. मजकूर शाबूत आहे. वर्डमध्ये उघडताना एन्कोडिंग (फाइल कोणत्या तक्त्याने वाचायची ते) विचारलं की 'थाई (विंडोज)' निवडा. युनिकोड नसलेला जुना थाई प्रोग्राम चालवायचा असेल, तर 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर 'लँग्वेज फॉर नॉन-युनिकोड प्रोग्राम्स' थाई करून रीस्टार्ट करा. तुमचा स्वतःचा मजकूर नोटपॅडमध्ये यूटीएफ-8 (युनिकोडचा प्रकार) म्हणूनच सेव्ह करा. 'एएनएसआय' (युनिकोड नसलेला जुना पर्याय) ठेवलंत तर नोटपॅड इशारा देतं. त्यावर ओके म्हटलंत की प्रत्येक थाई अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह जातं, आणि बंद करून पुन्हा उघडलेल्या अशा फाइलमधून मूळ मजकूर परत येत नाही. कुणी प्रश्नचिन्हांनी भरलेली फाइल पाठवली तर एन्कोडिंग बदलून बघण्यात वेळ घालवू नका, मूळ फाइल पुन्हा मागवा.