पिल्लू किडकिडीत दिसतंय म्हणून कॅल्शियम? आधी हे वाचा
"ग्रेट डेन, पाच महिन्यांचा, नुसते पायच पाय, फासळ्या हाताला लागतात, कॅल्शियम किती देऊ?" तुमची पोस्ट वाचली आणि आमचा ग्रेट डेन कुत्रा भीम डोळ्यांसमोर उभा राहिला. तोही याच वयात असाच, खुर्चीला कातडं चढवल्यासारखा दिसायचा.

लसी, जंतांचं औषध झालंच असेल, त्यात शिरत नाही. फासळ्या हाताला लागतात ते चांगलंच आहे. या वयात गुटगुटीत डेन दिसला की मलाच धास्ती वाटते.

आम्ही एका दवाखान्यात गेलो, नाव घेत नाही. भीम काय खातो हे न विचारताच "मोठी जात आहे, हाडं भक्कम हवीत" म्हणून कॅल्शियमची बाटली लिहून दिली. तो मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार खाद्य खात होता, म्हणजे हवं तेवढं कॅल्शियम त्यातच होतं. दोन महिन्यांनी पुढचा उजवा पाय लंगडू लागला, मग डावा. परत तिथेच गेलो तर म्हणे, डोस वाढवा. आणि मी वाढवला! ही चूक मात्र माझीच.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडाच्या टोकाजवळ एक काळी रेघ होती. म्हणाले, "ही कूर्चा, अजून हाड न झालेला मऊ भाग. हाड इथून वाढतं." लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही. ते अंगात जातं आणि कूर्चेचं हाड होण्याची प्रक्रियाच बिघडते. छोट्या जातींची वाढ साधारण १० ते १२ महिन्यांत उरकते, डेनला १८ ते २४ महिने लागतात. तोवर जिने चढउतार, गाडीतून उड्या, सायकलमागे पळवणं बंद. हे माझं मत, थोडं टोकाचं असेल.

मी डॉक्टर नाही. घरचं शिजवलेलं देत असाल तर हिशोब उलटा, तिथे कॅल्शियम कमीही पडू शकतं. आहार विचारणारा डॉक्टर गाठा. जो विचारत नाही त्याच्याकडून उठून या.

जाता जाता, दुधाचे २८ दात पडून ४२ येण्याचे हेच दिवस. नव्या सुळ्याला खेटून जुना तसाच राहिला असेल तर दाखवून घ्या. आणि आठव्या महिन्यात हाक मारल्यावर ढुंकूनही पाहिलं नाही तर कान तपासत बसू नका, वयात येतोय.

पिल्लाचा वरून काढलेला एक फोटो टाका, कंबर दिसेल असा. आणि खाद्याच्या पिशवीच्या मागची बाजूही.