न्यूजीन्स या कोरियन मुलींच्या ग्रुपच्या ‘डिट्टो’ गाण्याच्या व्हिडिओत पाच जणींचं शूटिंग करणारी ती मुलगी कोण आहे? आणि एकाच गाण्याचे दोन व्हिडिओ का?

ती सहावी मेंबर नाही, हे आधी सांगतो, कारण पहिल्यांदा बघताना माझीही तीच गफलत झाली होती. हे गाणं आलं तेव्हा न्यूजीन्समध्ये मिन्जी, हानी, डॅनियल, हेरिन आणि हेइन या पाचच जणी होत्या. कॅमेरा घेऊन फिरणारी ती पार्क जी-हू नावाची अभिनेत्री. ‘ऑल ऑफ अस आर डेड’ ही झोंबींची मालिका पाहिली असेल तर चेहरा ओळखीचा वाटेल.

व्हिडिओत तिचं नाव बान ही-सू आहे. हे नाव जरा भरभर म्हणून बघा. न्यूजीन्सच्या चाहत्यांना ‘बनीज’ म्हणतात, आणि बान ही-सू हा त्याच शब्दावरचा खेळ. थोडक्यात, कॅमेऱ्यामागे उभे आहोत आपण, चाहते. हे कळल्यावर व्हिडिओ पुन्हा बघा, मग वर्गातली बाकीची मुलं तिच्याकडे तशा नजरेनं का बघतात ते लक्षात येतं. तिला दिसणाऱ्या पाच मैत्रिणी इतरांना दिसतच नाहीत. आवडत्या ग्रुपबद्दल घरच्यांशी बोलायला गेल्यावर घरचे ज्या नजरेनं बघतात, तीच ती नजर!

आता दोन व्हिडिओंचं. साइड ए आणि साइड बी ही नावं जुन्या कॅसेटच्या दोन बाजूंसारखी. दिग्दर्शक शिन वू-सोक. ए मध्ये शाळा, दंगा, हातातला हॅन्डीकॅम, ते धुरकट रंग. आपल्याकडे लग्नाच्या कॅसेटी ज्यांनी पाहिल्यात त्यांना तो पोत लगेच ओळखू येईल. (गंमत म्हणजे या पाचही जणी 2004 ते 2008 दरम्यान जन्मलेल्या.) बी मध्ये ही-सूच्या आयुष्यात एक मुलगा येतो, तिचं लक्ष तिकडे वळतं आणि त्या पाच जणी मागे राहतात. भांडण नाही, निरोप नाही. चाहतेपण असंच तर सुटतं.

आपण ‘डिट्टो आईसारखी दिसते’ म्हणतो, तो डिट्टो हुबेहूबचा. गाण्यातला डिट्टो म्हणजे ‘मलाही तसंच वाटतं’. गाणारी समोरच्याला म्हणतेय की तूही एकदा तसं म्हण. नुसतं गाणं ऐकलं तर ते साधं प्रेमाचं आहे. व्हिडिओसोबत ऐकलं की मला तरी ते स्टारनं चाहत्याकडे केलेलं आर्जव वाटतं. नेहमी उलटं असतं ना?

चालही त्याला साजेशी आहे. संगीतकाराचं नाव चक्क ‘250’, उच्चार ‘ई-ओ-गोंग’. खालचा ठेका बाल्टिमोर क्लब या अमेरिकन नाचाच्या संगीतातला, मिनिटाला 130 च्या वर ठोके. वर मात्र जवळजवळ गुणगुणल्यासारखं हळू गाणं. पाय नाचायला बघतात आणि मन जागचं हलत नाही. के-पॉपमध्ये, म्हणजे कोरियन पॉप संगीतात, एरवी कोरसला जो दणका देतात तो इथे येतच नाही, आणि म्हणूनच 19 डिसेंबर 2022 ला आलेलं हे गाणं मला अजून शिळं वाटत नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पोचलेलं न्यूजीन्सचं हे पहिलं गाणं.

व्हिडिओतल्या हरणाबद्दल मात्र मला विचारू नका. त्याचे जेवढे चाहते तेवढे अर्थ.

आणखी एक. बान ही-सूच्या नावानं यूट्यूबवर खरंच एक चॅनल काढलं होतं. जणू तिनंच चढवलेत असे हॅन्डीकॅमचे तुकडे त्यावर यायचे. 2024 मध्ये न्यूजीन्सची कंपनी आणि दिग्दर्शकाचं बिनसलं, तेव्हा तेही काढून टाकले गेले. मी त्यातला एकही डाउनलोड करून ठेवला नव्हता.