जमीन वितळते की सुटते?

प्रश्न असा आहे : 'स्वित्झर्लंडमधल्या डोंगरांवरच्या एका लेखाचं भाषांतर करते आहे. पर्माफ्रॉस्टला, म्हणजे वर्षानुवर्षं गोठून राहिलेल्या जमिनीला, मराठीत काय म्हणू? उन्हाळ्यात ते वितळतं म्हणायचं की विरघळतं? आणि दरवर्षी वितळून पुन्हा गोठणाऱ्या वरच्या थराला सक्रिय थर म्हटलं तर चालेल का?'

विरघळणे आधी निकालात काढू. साखर पाण्यात विरघळते, मीठ आमटीत विरघळतं; विरघळायला दुसरं काहीतरी सोबत लागतं. बर्फाचं पाणी त्याचं त्यालाच होतं, म्हणून तो वितळतो. बोलताना आपण 'बर्फ विरघळला' सर्रास म्हणतो आणि कुणाचं काही अडत नाही, पण लेखात नको. पाघळणे लोण्याचं, मेणाचं आणि स्तुती कानावर पडलेल्या माणसाचं.

खरी अडचण 'वितळते' याच शब्दाची आहे. जमीन वितळली म्हटलं की डोळ्यांसमोर लाव्हा येतो. इथे वितळतो तो मातीच्या कणांमधला, खडकाच्या फटींतला बर्फ. माती मातीच राहते. इंग्रजीत यासाठी दोन क्रियापदं आहेत, वितळण्याला 'मेल्ट' आणि गोठलेलं मोकळं होण्याला 'थॉ', आणि गोठलेल्या जमिनीला कुणी 'मेल्ट' लावलं की त्या विषयातले लोक 'थॉ म्हणा' म्हणून टोकतात. मराठीत 'थॉ'ला शब्द नाही असं मलाही बरीच वर्षं वाटत होतं.

तो फ्रीजरमध्ये सापडला. आमच्याकडे खोवलेला नारळ डब्यात भरून गोठवून ठेवतात. सकाळी डबा ओट्यावर काढला की आतून हाक येते, 'सुटला का गं नारळ?' कोळंबीचा गोळाही असाच सुटतो. नारळ वितळला असं कुणी म्हणत नाही, कारण नारळ वितळतच नाही. त्याला धरून ठेवणारा बर्फ जातो आणि कीस मोकळा होतो. गोठलेल्या जमिनीचं नेमकं हेच होतं. शिवाय मीठ लावलेल्या काकडीला सुटतं तसं तिला पाणीही सुटतं. तेव्हा 'जमीन सुटते' लिहा. फक्त एक जपा : मराठीत थंडी 'सुटते' तेव्हा ती सुरू होते, आणि जमीन सुटते ती थंडी ओसरल्यावर. दोन्ही एका वाक्यात आणलीत तर वाचक गारठेल.

तो डबा अजून थोडा वेळ समोर राहू द्या. वरचा नारळ चमच्यात येतो आणि दोन बोटं खाली चमचा खट्कन अडतो. ध्रुवाकडच्या मऊ जमिनीत संशोधक हेच करतात : लोखंडी सळई खुपसायची, ती अडली की तिथवर जमीन सुटली. आल्प्समध्ये दगडधोंड्यांत सळई शिरत नाही, म्हणून खोल भोक पाडून त्यात तापमापकांची माळ सोडतात. स्वित्झर्लंडमधल्या एंगाडिन खोऱ्याच्या वर, कोर्वाच शिखराच्या कुशीत मुर्तेल नावाच्या जागी १९८७ मध्ये असं ५८ मीटरचं भोक पाडलं. तिथे सुरुवातीच्या वर्षांत वरचा तीन-साडेतीन मीटरचा थर उन्हाळ्यात सुटायचा आणि हिवाळ्यात परत गोठायचा. गंमत म्हणजे तो सर्वांत खोलवर सुटतो तो जुलैत नव्हे. ऊब वरून खाली झिरपायला वेळ घेते, त्यामुळे वर पहिला बर्फ भुरभुरायला लागला तरी खाली सुटणं चालूच असतं. तो बर्फ लवकर आणि जाड पडला तर गोधडीसारखा ऊब धरून ठेवतो आणि गोठण आणखी लांबते.

परत गोठताना तापमापक शून्यावर येऊन बसतो आणि कित्येक आठवडे हलत नाही. एक ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. ती निघून गेल्याशिवाय पारा शून्याखाली उतरणार कसा? याला इंग्रजीत 'झीरो कर्टन', शून्याचा पडदाच म्हणतात. इथे मात्र शब्दशः भाषांतर खुशाल ठेवा, मराठीतही ते शोभतं.

आता नाव. 'हिमभूमी' नको, कारण अशा जमिनीत बर्फ असलाच पाहिजे असं नाही. सलग दोन वर्षं तिचं तापमान शून्यावर किंवा त्याखाली राहिलं की व्याख्या पुरी होते. कोरडा खडकही त्यात बसतो. 'चिरगोठित' वगैरेंतल्या 'चिर'चीही तीच गत : दोन वर्षं म्हणजे चिरकाळ नव्हे. पर्माफ्रॉस्ट हा शब्द रशियात जन्मलेले अमेरिकन भूवैज्ञानिक सायमन म्युलर यांनी १९४३ च्या सुमारास रूढ केला. रशियनमध्ये म्हणत 'वेच्नाया मेर्झ्लोता', म्हणजे चिरंतन गोठण. पुढे तिथल्याच शास्त्रज्ञांना 'चिरंतन' खटकलं आणि शास्त्रीय लेखनात 'अनेक वर्षांची' या अर्थाचं विशेषण आलं.

आपल्याकडे यासाठी शब्द तयारच आहे : बारमाही. बारमाही विहीर म्हणजे प्रलयापर्यंत पुरणारी विहीर नव्हे, भर वैशाखातही तळ न दाखवणारी. एखाद्या साली ती आटली तर आपण हळहळतो, शब्दाला दोष देत नाही. म्हणून 'बारमाही गोठलेली जमीन'.

'सक्रिय थर' मला साबणाच्या जाहिरातीतला वाटतो. 'हंगामी थर' मोहात पाडतो, पण खाली बारमाही गोठण नसलेली जमीनही थंड देशांत हंगामापुरती गोठतेच, घोळ होईल. वाहता झरा, फिरता रंगमंच, तसा 'सुटता थर' म्हणा.

तुमच्या लेखात मॅटरहॉर्न शिखरावरची २००३ ची दरड आहे म्हणता, तिथे हे शब्द वापरून पाहिले. मी असं लिहीन : 'त्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेची लाट होती. सुटता थर एरवीपेक्षा खोल गेला. खडकाच्या फटी सांधणारा बर्फ शून्याच्या जवळ येताच, पुरता वितळण्याआधीच, कमजोर पडतो. जुलैत हर्नली धारेवरचा कडा कोसळला, वरच्या गिर्यारोहकांना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं आणि तुटलेल्या जागी आतला बर्फ उघडा पडलेला दिसला.' 'बारमाही गोठलेली जमीन' पहिल्यांदा येईल तिथे शेजारी पर्माफ्रॉस्टही लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल.