भाव उतरले तर बिघडले कुठे?

प्रश्न : जपानमध्ये कित्येक वर्षे भाव उतरत होते आणि तेथील सरकारला त्याचीच चिंता होती, असे वाचले. आम्ही महागाईने मेटाकुटीला आलेली माणसे. स्वस्ताई झाली तर बिघडले कुठे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कांद्याचा भाव पडला की गिऱ्हाईक सुखावते आणि शेतकरी रडकुंडीला येतो, हे नाशिककरांना मी सांगायला नको. मात्र ती एका मालाची मंदी झाली. जपानमध्ये १९९० च्या सुमारास शेअर आणि जमिनींच्या भावांचा फुगा फुटला, त्यानंतर काही वर्षांनी एकूणच किमती उतरू लागल्या, आणि मार्च २००१ मध्ये सरकारने ही चलनघट (डिफ्लेशन, म्हणजे एकूणच किमतींची सततची घसरण) असल्याचे उघडपणे मान्य केले. गंमत म्हणजे, ही घसरण बहुतेक वर्षांत एका टक्क्याहूनही कमी होती.

‘भाव आणखी उतरतील म्हणून लोक खरेदी लांबणीवर टाकतात’ हे नेहमीचे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण पुढच्या वर्षी एक टक्का वाचेल म्हणून बंद पडलेला फ्रिज कोणी तसाच ठेवत नाही. खरी मेख पगारात आहे. मालाला भाव मिळत नाही म्हणून कंपनी पगारवाढ रोखते, कायम नोकरीऐवजी कंत्राटी माणसे घेते, आणि त्याच माणसांच्या घरांनी हात आखडता घेतला की दुकानदाराला भाव आणखी पाडावा लागतो. डोक्यावर कर्ज असेल तर पंचाईत दुहेरी : पगार घटतो, घराची किंमत कर्जापेक्षाही खाली जाते, पण मुद्दलाचा आकडा एका येननेही हलत नाही. व्याज उतरवून दिलासा द्यावा, तर बँक ऑफ जपानने, म्हणजे तेथील मध्यवर्ती बँकेने, फेब्रुवारी १९९९ मध्येच दर जवळजवळ शून्यावर आणून ठेवला होता.

या काळात भाव न वाढवणे हाच शिरस्ता होऊन बसला. एप्रिल २०१६ मध्ये ‘गारिगारी-कुन’ या लोकप्रिय आइसकांडीची किंमत २५ वर्षांत प्रथमच वाढून ६० येनची ७० येन झाली, तेव्हा कंपनीचे अधिकारी आणि कर्मचारी टीव्हीवरील जाहिरातीत रांगेने उभे राहिले आणि त्यांनी कमरेत वाकून गिऱ्हाइकांची माफी मागितली. दहा येनसाठी!

त्याच वर्षी बँक ऑफ जपानने व्याजदर शून्याखाली नेला होता, म्हणजे तिच्याकडे ठेवलेल्या काही पैशांवर बँकांनाच उलट शुल्क पडे; हा दर तिने मार्च २०२४ मध्ये मागे घेतला, तोही वसंत ऋतूतील वार्षिक वेतन-वाटाघाटींत मोठ्या कामगार संघटनांनी पाच टक्क्यांहून अधिक पगारवाढ पदरात पाडून घेतल्यावरच.