किल्ल्याशेजारच्या गलबताला शीड चौकोनी की तिकोनी?

आमच्या बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली किल्ले होतात, त्यामुळे हा प्रश्न मनापासून आवडला. सिंधुदुर्ग करताय ना? मग शीड तिकोनी लावा.

गलबताची परभाण, म्हणजे शीड बांधायची लांब काठी, डोलकाठीला तिरकी टांगतात. एक टोक नाळेकडे, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाकडे, खाली; दुसरं वर आभाळात. नीट पाहिलं तर शिडाचा पुढचा कोपरा किंचित छाटलेला असतो. या शिडाने वारा बाजूने आला तरी, अगदी थोडा समोरून असला तरीही पुढे जाता येतं. मात्र दिशा बदलताना अख्खी परभाण डोलकाठीच्या पलीकडे फिरवायची. हे कष्टाचं काम, माणसं भरपूर लागतात.

चौकोनी शीड आडव्या काठीवर, मागून वारा असला की उत्तम. ते फक्त युरोपचं असं समजू नका. अजिंठ्याच्या चित्रावरून बांधलेल्या, टाके घातलेल्या फळ्यांच्या ‘कौंडिण्य’ या नौकेला चौकोनी शिडंच आहेत, 2025 मध्ये ती कारवारला नौदलात आली.

दोन्ही एकत्र हवी असतील तर नौदलाच्या ‘तरंगिणी’ या शिडाच्या प्रशिक्षण जहाजाचे फोटो बघा: पुढच्या दोन डोलकाठ्यांवर चौकोनी शिडं, मागच्या तिसरीवर नाहीत.

शिडासाठी पुठ्ठ्याऐवजी जुन्या धोतराचं कापड घ्या, छान फुगतं.